भिमाजींच्या कानातलं पाणी

१९९८ साली मखमलाबादच्या भिमाजींना चकरा येऊ लागल्या. गुलाबाच्या वाफ्यात उभे असले की अख्खं शेत गरागरा फिरायचं आणि डाव्या कानात मोटर चालू व्हायची. नाशिकच्या डॉक्टरांनी समजावलं, "कानाच्या पार आत पाणी असतं. ते वाढलं की एक बारीक पिशवी जादा पाणी शोषून घेते. तुमच्याकडे ते तुंबतंय. मीठ कमी करा."

"म्हंजे चर बुजला," भिमाजी म्हणाले.

बायको चंद्रभागेनं मीठ कमी केलं नाही, बंद केलं. लोणच्याची बरणी कपाटात, कपाटाची किल्ली कमरेला. जे कानाला जमेना, ते खातं तिनं स्वतःकडे घेतलं.

पुढं लेकीला, सुवर्णाला, बघायला देवळ्याचे पाहुणे येणार ठरलं. मध्यस्थानं बजावलं होतं, "हुंडा नको म्हणतात, पण पिणारा व्याही दिसला की उठतात." भिमाजी निर्धास्त होते, माळकरी माणूस. पाहुणचारासाठी बरणी मात्र आदल्या दिवशीच बाहेर निघाली आणि भिमाजींच्या स्वैपाकघरातल्या फेऱ्या वाढल्या.

पाहुणे आले. भिमाजी 'या या' करत पुढं झाले, घर फिरलं, आणि ते थेट नवऱ्या मुलाच्या मांडीवर जाऊन बसले.

मुलाच्या बापानं टोपी उचलली. "चला."

"अहो, त्यांच्या कानात पाणी झालंय!" चंद्रभागा कळवळली.

"आमच्याकडं बी मिळतं तसलं पाणी. बाटलीत."

पोह्यांचा ट्रे धरून सुवर्णा दारातच थिजली. मुलगा मात्र सासऱ्याला मांडीवर सांभाळून, हलू की नको या विचारात.

तेवढ्यात मुलाची आत्या रंगूबाई पुढं आली. आयुष्यभर पिणाऱ्या नवऱ्याचं तोंड हुंगलेली बाई. "व्याही, आ करा," तिनं फर्मावलं. भिमाजींनी आ केला. तिनं एकदा हुंगलं, पुन्हा हुंगलं.

"दारू नही शे," तिनं अहिराणीत निकाल दिला. "लोणचं शे. कैरीनं. चांगलं मुरेल शे."

टोपी पुन्हा खाली ठेवली गेली. पोहे आले, हसणं आलं, बापानं सुपारी फोडायची तारीखही काढली. चंद्रभागा तेवढी हसत नव्हती. पाहुण्यांदेखत आवाज चढवता येईना, म्हणून तिनं फार गोड विचारलं, "अहो, कालपासून खाताय का?"

भिमाजींनी डाव्या कानावर हात ठेवला.

"काय म्हणालीस? काहीच ऐकू येत नाही बघ."