काचेआडची वाफ

मास्तरांच्या गाडीला मीच नवे हेडलाइट बसवले होते. काचेआड वाफ धरते म्हणून ते आज तिसऱ्यांदा आले. दोनदा मी त्यांनाच झापलं होतं, की गाडी धुताना पाइप जवळ धरू नका. आज वैतागून दिवा उतरवला. मागे हवा खेळायला बारीक छिद्र असतं, ते कुणीतरी सिलिकॉनने बुजवलं होतं. आत कोंडलेली ओल जाणार कुठून?

"कोणत्या शहाण्याने केलं हे?"

मी दिवा उजेडात धरला. वाळलेल्या सिलिकॉनवर अंगठ्याचा ठसा होता आणि त्यात आडवी चीर होती. पत्र्याने कापल्याची तशीच खूण माझ्या अंगठ्यावर आहे.

मी अंगठा त्यांच्यापुढे धरला.

त्यांनी तो नीट पाहिला. "म्हणजे आता गाडी धुतली तर चालेल?"