चांद्याच्या अंगावरची कोंबडी

पोळ्याच्या दिवशी बैलाला चाबूक दाखवायचासुद्धा नसतो. आदल्या संध्याकाळी सुगंधाबाईनं आपल्या बैलाच्या, चांद्याच्या खांद्याला तूप-हळद चोळली. गेल्या पोळ्यापर्यंत हेच काम तिचा नवरा अभिमन करायचा.

सत्त्याऐंशी सालच्या आषाढात आमच्या लोकांनी कापसाच्या भावासाठी सोनगीरजवळ हायवे अडवला. गोळीबार झाला. दोन माणसं पडली, त्यातला एक अभिमन. तेव्हापासून गावच्या शाळेत बंदूकवाल्यांची तुकडी बसली. ती कुठल्या खात्याची, कुणी विचारलं नाही. गाव तिला मिल्ट्री म्हणायचं. घरोघर झडती, रस्त्यावर चार माणसं दिसली की फटके.

तुकडीच्या साहेबाच्या डोळ्यांवर काळा गॉगल, तोंडात सदा शिट्टी. ट्रकांच्या पाट्या रंगवणाऱ्या निंबानं त्याची खुडूक कोंबडी करून टाकली. अंड्यांऐवजी काडतुसं उबवणारी, डोळ्यांवर गॉगल, चोचीत शिट्टी. ज्या भिंतीवर कोंबडी उमटायची, त्या भिंतीचा मालक मार खायचा. चौथ्या मालकाचा पाय मोडला, तेव्हा निंबा सुगंधाबाईच्या दारात आला.

"वहिनी, भिंत पळत नई. बैल पळस. पोळासाठी दोन घंटा सूट शे. चांद्या पांढराफेक शे, त्यावर कोंबडी काय दिसी!"

"आन् सायेबनी देखी तं? मना घरमा आते हाई जोडीच शे, भाऊ. रब्बी कसावर पेरू?"

"मिरवणूक नाल्यातून जास ना? पोटपर्यंत पानी शे. तिकडे तोरणपाशी सायेब बसेल राही, तवपर्यंत बठ्ठी कोंबडी धुवाई जाई."

ती अभिमनच्या रिकाम्या खाटेकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "गेरूच लाव. दुसरं काही नको."

निंबानं मान हलवली. पण पहाटे पावसाची भुरभुर सुरू झाली. गावानं पाहायच्या आधीच गेरू ओघळेल, या धास्तीनं त्यानं ट्रकच्या रंगाचा डबा उघडला.

बैल गल्लीतून निघाले आणि दोन महिने दाबून ठेवलेलं हसू गावाला फुटलं. चांद्या चालला की कोंबडी डुलायची, त्यानं कातडी थरथरवली की फडफडायची. म्हातारे ओट्यावर लोळून हसले. बाया पदर तोंडात कोंबून हसल्या.

नाल्यात चांद्या पोटापर्यंत उतरला. सुगंधाबाईनं ओंजळीनं पाणी मारलं. कोंबडी तशीच. तिनं वाळू घेऊन घासलं. बैलाची कातडी लाल झाली, पण गॉगल जास्तच चमकला.

"निंबा, हाई काय शे?"

निंबानं नखानं गॉगल खरवडून पाहिला. "ऑइल पेंट. मन्ही चूक व्हयनी, वहिनी."

मागून चाळीस बैल रेटत होते. परत फिरायला जागाच नव्हती.

तोरणाखाली साहेब खुर्चीवर होता. त्यानं चांद्या पाहिला, शिट्टी तोंडातून काढली.

"हे काय आहे?"

 गावातले म्हातारे तोताराम आबा पुढे झाले. "कोंबडी शे, सायेब."

"कोंबडीला गॉगल?"

"आंधळी शे बापडी."

तोरणापाशी कुणीतरी फिस्सकन हसलं आणि काठ्या सुटल्या. आबा पहिल्याच तडाख्यात पडले, त्यांच्या फेट्यातून रक्त झिरपलं. निंबाच्या नखांतला रंग शिपायांनी ओळखला. त्याचा उजवा हात दगडावर ठेवला आणि वरून बंदुकीचा दस्ता हाणला. एकदा, दोनदा. कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या मोडाव्यात तशी बोटं मोडली.

सुगंधाबाई चांद्याच्या गळ्याला मिठी मारून उभी होती. दोघांनी तिला ओढून काढलं. साहेबानं पिस्तूल बैलाच्या कपाळावर, तिनंच लावलेल्या कुंकवावर टेकवलं आणि चाप ओढला.

चांद्या आधी गुडघ्यांवर बसला, देवापुढे बसावा तसा. मग आडवा झाला. शिंगांच्या पितळी शेंब्या दगडावर वाजल्या. जोडीचा दुसरा बैल हंबरला, आणि तेवढाच आवाज गावभर उरला.

"कातडं सोलून जाळून टाका," साहेब म्हणाला.

कुणी हललं नाही. पोळ्याचा बैल गावचा देव. त्याला सोलत नाहीत, मातीत ठेवतात. दांड्यांना न जुमानता माणसांनी तोरणाशेजारीच खड्डा खणायला घेतला. एक कुदळ हिसकावली की दुसरी यायची. मारून मारून शिपाईही धापा टाकायला लागले. चांद्याला खाली उतरवलं. कोंबडी वरच्या अंगाला आली होती, आभाळाकडे पाहत.

साहेब खड्ड्याच्या काठावर आला. "उलटा करा त्याला. ते तोंड खाली गेलं पाहिजे."

सुगंधाबाई उठली. ओठ फुटलेला, हातात काळी माती.

"कोनं तोंड शे ते, सायेब?"

साहेबाचा हात गॉगलकडे गेला.

"तुमनं व्हई तं सांगा. बठ्ठा गाव ऐकी राहिना. आत्ते आमी उलटा करतस. कोंबडीनं व्हई तं तुमले काय करनं?"

गॉगलआडचे डोळे कुणाला दिसले नाहीत.  आपलं तोंड आपणच ओळखायचं, तेही चारशे माणसांत! त्यानं शिट्टी तोंडात घातली आणि फुंकली. बंदुका वर झाल्या. माणसं मात्र जागची हलली नाहीत.

तिनं मूठ उघडली. माती बरोबर कोंबडीच्या गॉगलवर पडली. निंबा रांगत पुढे आला, मोडका हात छातीशी धरून त्यानं डाव्या हातानं दुसरी मूठ टाकली. मग सगळ्यांनीच टाकली. सुगंधाबाई जात्यावर बसल्यासारखी हलक्या आवाजात म्हणत होती:

"मना चांद्या निजना, काळी मातीना पलंग
चष्मावाली कोंबडी बी नेस आपलासंग."

साहेब काठावर उभा होता. शिट्टी तोंडातच होती. आपल्याच मयताला आल्यासारखा तो शेवटपर्यंत पाहत राहिला.