आधी कोण बोलणार

दिराच्या रक्ततपासणीच्या लॅबमधून सकाळपासून एकही रिपोर्ट मेलने जात नव्हता. तिथल्या संगणकात मेल पाठवणारं प्लगिन, म्हणजे छोटासा जोडप्रोग्राम, वहिनीने स्वतः लिहिलेलं, म्हणून ती हातातलं काम टाकून धावत आली.

बाकावर एक आजोबा बसले होते. परगावच्या रुग्णालयात उद्या त्यांच्या बायकोचं ऑपरेशन. पाचच्या आत तिचा रिपोर्ट पोचला नाही तर तारीख महिनाभर पुढे जाणार, आणि वाटेत कुणाला वाचता येणार नाही अशा कुलूपबंद मेलशिवाय रुग्णालय काही घेत नव्हतं. साडेचार होऊन गेले होते.

"वहिनी, ते कुलूपच काढा ना घटकाभर," दीर म्हणाला. "जाऊ दे उघडी."

"भाऊजी, आधी तुमचा स्वतःचा रिपोर्ट बाहेरच्या फळ्यावर लावा, मग बोलू."

आजोबा तेवढ्यातही गालात हसले.

मेल कंपनीचा सर्व्हर जागा होता, पासवर्ड बरोबर होता. तरी प्लगिन त्याच्या दारात जाऊन मिनिटभर ताटकळे आणि हात हलवत परत येई. नकारही नाही, नुसता शुकशुकाट. तेच तिला खटकलं.

"भाऊजी, सेटिंगला हात लावलात?"

"मी? छे."

तिने सेटिंगचं पान उघडलं.

"म्हणजे... मेल कंपनीने कळवलं होतं, पोर्ट बदला, सर्व्हरच्या दाराचा नंबर हो. तेवढा एक आकडा बदलला. बाकी देवाशपथ काही नाही."

वहिनीने कपाळाला हात लावला, पण तिच्या जिवात जीव आला. जुन्या दारावर सर्व्हर आधी "या" म्हणायचा, मग पडदा ओढून गुपचूप बोलणं चालायचं. नव्या दारावर पडदा आधी, आणि तो येणाऱ्याने ओढायचा. भाऊजींनी दार बदललं, रीत जुनीच ठेवली. मग काय, प्लगिन स्वागताची वाट बघतंय, सर्व्हर पडद्याची. रुसलेल्या व्याह्यांसारखे दोघेही गप्प.

आकड्याखालच्या यादीतून तिने नवी रीत निवडली, देवाचं नाव घेतलं आणि बटण दाबलं. मेल गेली. चौथ्या मिनिटाला रुग्णालयातून फोन आला: रिपोर्ट मिळाला, ऑपरेशन उद्याच.

दीर खुर्चीत कोसळलाच. "वहिनी, आता मी माउसलासुद्धा विचारून हात लावीन."

"नको. आकडा बदलला की रीतही बदला, असं प्लगिनच सांगेल. लिहितेच आता."

आजोबांनी बायकोला फोन लावला होता. "पोचलं गं... मी कुठे काय केलं, नुसता बसलो होतो... नाही, खोटं कशाला बोलू, अजून जेवलो नाही. आता जातो, पोटभर जेवतो."