तिसरा खोकला

जावयाचं नाक तीन दिवस चोंदलेलं होतं, आणि ज्याचं पोटच नाकावर चालतं त्याच्यावर याहून वाईट प्रसंग तो कुठला! दोन वर्षं खपून त्याने एक अत्तर जमवलं होतं. लावलं की वास एकामागून एक उलगडायचे: आधी लिंबाची साल, मग रोजमेरीचा पाला नि लव्हेंडर, आणि शेवटी देवदाराचं कोरडं, उबदार लाकूड. आज अकराला घाऊक व्यापारी येणार होता. त्याला पसंत पडलं तर ठीक, नाहीतर पुन्हा साबणाच्या कारखान्यात दुसऱ्याच्या हाताखाली राबायचं.

शेवटी त्याने सासूबाईंचे पाय धरले. त्या लेकीकडेच राहायच्या आणि दोन वर्षं या अत्तराला नाक मुरडत आल्या होत्या. पण नाक असं, की शेजारी दूध करपलं तर यांनी इथून ओरडावं. ठरलं ते असं: सासूबाईंनी कोपऱ्यात विणकाम घेऊन बसायचं आणि नवा वास आला की एकदा खोकायचं. पुढचं जावई सांभाळून घेणार.

व्यापाऱ्याने कागदाची पट्टी अत्तरात बुडवून हुंगली. "लिंबू," तो म्हणाला.

लगेच सासूबाई खोकल्या.

"आता बघा, रोजमेरी!" जावई म्हणाला.

"मला तर लिंबूच येतंय."

पुन्हा खोकला. "आणि हा आला देवदार!"

"अहो, दोन मिनिटंसुद्धा झाली नाहीत!"

तिसरा खोकला. अत्तरातला एकही वास आता सांगायचा उरला नव्हता. "आता... आता चंदन," जावई घाम पुसत म्हणाला.

"यात चंदन आहे?"

"नाही."

व्यापारी उठलाच. "तुम्हाला वास तरी येतो का हो?"

जावयाने खरं ते सांगून टाकलं आणि वर शिंकलाही. संपलं सगळं, असं वाटून त्याला रडूच यायला लागलं.

"बसा खाली!" सासूबाई व्यापाऱ्यावर कडाडल्या. "साल सोलली की लगेच कपाट तयार होतं का? चहा घ्या."

व्यापारी मुकाट्याने बसला. सासूबाईंनी घड्याळाकडे पाहिलं. "हं, आता सालीचा कडवटपणा जाईल. पाला चुरगळल्यावर हाताला येतो ना, तसा वास येईल." व्यापाऱ्याने हुंगलं आणि मान डोलावली. तासाभराने, दुसऱ्या चहानंतर, त्या म्हणाल्या, "आता लाकूड. ओलं नाही हं, उन्हात वाळलेलं. घाई करू नका, दमाने येतं ते."

व्यापारी डोळे मिटून बसून राहिला. "आलं," तो हळूच म्हणाला. आणि जाताना पहिली मागणी लिहून देऊन गेला.

जावयाला भरून आलं. "आई, तुमच्या नाकाला तोड नाही!"

"कसलं नाक! सकाळपासून ढिम्म वास येत नाहीये. तुमचीच सर्दी लागली. खोकला खराच होता तो."

"मग हे सगळं सांगितलंत कसं?"

"तुम्ही बाहेर पडलात की बाटलीतलं थोडं मनगटाला लावून घड्याळ बघत बसायचे मी. दोन वर्षं. पाठ झालंय."

"आणि माझ्यासमोर नाक मुरडायचात?"

"मग काय करू? छान म्हटलं असतं तर पहिल्याच बाटलीवर थांबला असतात," सासूबाई नाक पुसत म्हणाल्या. "आणि ती अगदीच भिकार होती."