न वाचता केलेली सही

पाकिटावर स्वतःचं नाव बघून सुहासिनीबाई आधी खूशच झाल्या. वेस्ट विंडसरच्या या घरात टपाल यायचं ते मुलीच्या, दीपाच्या नावानं, नाहीतर जावयाच्या. त्यांनी चष्मा लावला, सुरीनं पाकीट कडेनं नीट कापलं आणि आतली नमुना मतपत्रिका डायनिंग टेबलावर पसरली.

"दीपा, माझी मतपत्रिका आली बघ. नमुन्याचीच आहे, पण किती पद्धतशीर."

डिशवॉशर लावत असलेली दीपा हात न पुसताच आली. तिनं पत्रिका वाचली आणि मग आईकडे पाहिलं.

"आई, ही तुझ्या नावानं आलीच कशी? तू सिटिझन कुठे आहेस?"

तेव्हा ऑगस्टमधली हकिकत बाहेर आली. इंडियन ग्रोसरीच्या दारात टेबल मांडून एक मुलगी बसली होती. गोड बोलणारी होती. तिनं नाव-पत्ता विचारून मतदार नोंदणीचा फॉर्म भरला आणि सहीपुरता पुढे केला. फॉर्मवर वरच्याच ओळीत काहीतरी 'सिटिझन' अशी चौकट होती, तिच्यात खूण होती. सुहासिनीबाईंच्या मनात पाल चुकचुकली होती. पण मे महिन्यात नागरिकत्वाचा अर्ज गेला होता, जानेवारीत मुलाखत व्हायची होती, म्हणजे आपण जवळजवळ झालोच की, असं त्यांनी स्वतःला समजावलं. शिवाय पेन हातात होतं. सांगलीच्या शाळेत एकतीस वर्षं 'आधी प्रश्न वाचा, मग उत्तर लिहा' म्हणून मुलांचे कान पिळणाऱ्या बाईंनी न वाचता सही ठोकली.

आणि नंतर दोन महिने त्या मन लावून अध्यक्षपदाचे उमेदवार तपासत होत्या. वहीत मधोमध रेघ, एका बाजूला तो तरुण, दुसऱ्या बाजूला तो वयस्कर माजी सैनिक. टीव्हीवरची एकही वादचर्चा त्यांनी चुकवली नाही. तरुणाला बोलण्याचे दहापैकी नऊ, अनुभवाचे चार. सैनिकाला अनुभवाचे नऊ, पण समोरच्याकडे बघतसुद्धा नाही म्हणून वागणुकीचे पाच. प्रश्नाला बगल दिली की दोघांचेही गुण निर्दयपणे कापायचे. शेवटी त्यांचा निर्णय झाला होता, पण तो त्यांनी कुणाला सांगितला नव्हता. मत गुप्त असतं.

संध्याकाळी जावई, शैलेंद्र, लॅपटॉप उघडून बसला. तो वाचत गेला तसा त्याचा आवाज खाली येत गेला. ग्रीनकार्डवाल्यानं मतदार म्हणून नाव नोंदवणं म्हणजे आपण नागरिक आहोत असं खोटं सांगणं. नागरिकत्व नाकारतील. वेळ पडली तर परत पाठवतील.

परत कुठे? यजमान गेल्यावर सांगलीचा फ्लॅट विकला होता. तिथं आता त्यांचं म्हणावं असं कुणी नव्हतं, आणि सात वर्षांची नात अनन्या वेणी फक्त आजीकडूनच घालून घ्यायची. सुहासिनीबाई घाबरल्या. उघड, सपशेल घाबरल्या. दारावरची बेल वाजली की त्या आतल्या खोलीत जायच्या. कोपऱ्यावर पोलिसांची गाडी दिसली तेव्हापासून त्यांनी फिरायला जाणं सोडलं. उमेदवारांची वही त्यांनी तांदळाच्या डब्यात, तळाशी पुरून ठेवली.

वकिलानं फोनवर सांगितलं की मत मुळीच द्यायचं नाही आणि काय घडलं ते लिहून नाव ताबडतोब रद्द करून घ्यायचं. शैलेंद्रनं पत्राचा मसुदा केला. त्यात एक वाक्य होतं की माझ्या सासूबाईंना इंग्रजी वाचता येत नाही.

"आई, एवढं एकच वाक्य," तो म्हणाला. "बाकी सगळं खरं आहे. त्यानं केस एकदम सॉफ्ट होईल."

सुहासिनीबाईंनी मसुदा बाजूला सारला. त्यांना मिरजेजवळचं एक मतदान केंद्र आठवत होतं. निवडणुकीच्या ड्यूटीवर त्या यादी घेऊन बसल्या होत्या. एक बाई बाळंतपणाला माहेरी गेलेल्या जावेची मतदार चिठ्ठी घेऊन तिच्या नावानं मत द्यायला आली. सुहासिनीबाईंनी तिला पकडलं. "बाई, मला वाचता येत न्हाई वो," ती पुनःपुन्हा म्हणत होती. वाचता येत नाही म्हणून कायदा माफ करत नाही, असं सुनावून बाईंनी तिला हवालदाराच्या ताब्यात दिलं होतं. त्या दिवशी त्यांना स्वतःचा अभिमानही वाटला होता. तिचं पुढे काय झालं, हे त्यांनी कधी विचारलं नाही.

त्यांनी कोरा कागद मागितला आणि पत्र स्वतः लिहिलं, वळणदार इंग्रजीत. मी एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं. मला फॉर्म वाचता येत होता. मी तो वाचला नाही. चूक माझी आहे, माझं नाव काढून टाकावं.

"तुम्ही स्वतःच्या हातानं पायावर धोंडा मारून घेताय," शैलेंद्र म्हणाला.

"असेल. मला भीती वाटतेच आहे, रे. पण वाचता येत नाही असं मी लिहून देणार नाही."

सही वाकडी आली. त्यांनी पत्र पुन्हा लिहिलं.

मतदानाच्या दिवसापर्यंत उत्तर आलं नव्हतं. घरात एकटीला बसवेना म्हणून त्या दीपाबरोबर निघाल्या. मतदान अनन्याच्याच शाळेत होतं. दाराशी रांग दिसल्यावर त्या म्हणाल्या, "गाडी लांब लाव. शंभर मीटर तरी."

दीपानं गाडी पार्किंगच्या अगदी टोकाला लावली. इंजिन बंद केलं, पण ती उतरली नाही.

"आई, मी एकही डिबेट पाहिलेलं नाही. तुझ्या वहीत कोण जिंकलं ते सांग. मी त्यालाच देते. तुझंच मत समज."

नाव ओठांवर आलं होतं. दोन महिन्यांचा अभ्यास होता तो. सुहासिनीबाईंनी दूरच्या रांगेकडे पाहिलं.

"आधी सगळं नीट वाच," त्या म्हणाल्या. "मग तुला पटेल तसं कर."

दीपा गेली. रांगेतल्या कुणीतरी मागं वळून पार्किंगकडे बघितलं. सुहासिनीबाईंनी सीटबेल्ट तसाच ठेवला आणि खिडकीबाहेरून डोकं दिसणार नाही इतक्या त्या खाली सरकून बसल्या.