पिल्लांना ताण

शेंदूरजनाघाटचे निम्मे संत्रेवाले उत्तमरावांना विचारल्याशिवाय पाण्याच्या मोटारीचं बटण दाबत नसत. हिवाळ्यात झाडाचं पाणी तोडायचं, पानं मलूल होऊ द्यायची, झाडाला पुरता ताण द्यायचा आणि मग नेमक्या दिवशी पाणी सोडायचं, की फांदी फांदी फुलांनी लदबदून जाते. तो नेमका दिवस उत्तमराव नुसतं पान चुरगळून सांगत. आयुष्यभर अंदाज असा बरोबर येत गेला की माणसाला वाटायला लागतं, जगात जे जे वाढतं त्याचं सगळं आपल्याला कळतं. उत्तमरावांना तसं वाटायला लागून बरीच वर्षं झाली होती.

म्हणून सुनेनं, वर्षालीनं, खताच्या खोलीत पत्र्याचं गोल कडं केलं, खाली कुटाराचा मऊ भुसा पसरला, त्यात गावरान कोंबडीची पिल्लं सोडली आणि वर उबेसाठी बल्ब टांगला, तेव्हा त्यांना हसूच आलं होतं. "जावयाचे नाही होत एवढे लाड," ते बायकोला म्हणाले. वच्छलाबाई हसल्या नाहीत. कोंबडीचं पीससुद्धा माझ्या स्वयंपाकघराच्या आत येता कामा नये, एवढं त्यांनी पहिल्याच दिवशी बजावून ठेवलं होतं.

उत्तमरावांचं हसू मात्र फार टिकलं नाही. वर्षालीच्या भावाचं, जीवनचं, अमरावतीला राजापेठेत झेरॉक्सचं दुकान होतं. शिकवणीच्या पोरांची तिथं रीघ लागते. त्यानं दुसरं दुकान घेतलं आणि ते सांभाळायला बहीण-मेव्हण्याला बोलावलं. गोपाल बापासमोर मान खाली घालून एवढंच म्हणाला, "पिल्लं जगले, हिचा धंदा उभा राहिला, तर आमी इथंच राहतो बाबा. नाही तर उन्हाळ्यात जाऊ." एकुलता एक पोरगा. त्या दिवसापासून उत्तमराव बागेपेक्षा खताच्या खोलीत जास्त चकरा मारू लागले. बोलून काही दाखवत नसत, पण एखादं पिल्लू जरा मरगळलेलं दिसलं की त्यांना जेवण जात नसे.

जीवनला काय ते उत्तर द्यायची वेळ आली, तेव्हा गोपाल आणि वर्षाली सकाळच्या बसनं अमरावतीला निघाले. निघताना वर्षालीनं सासऱ्याला खोलीत नेलं. गोपालला नाही, सासूला नाही, तिनं सासऱ्यालाच सांगितलं.

"मामाजी, बल्बाची सवय तोडणं चालू हाये. दिवसा बंद ठेवजा, ऊन कललं का लावजा. पंख फुटले, पण पाठीवर अजून पिसं नाही आले, थंडी सोसत नाही त्यांले. मी आल्याबिगर बाहेर काढू नोका."

"हो," उत्तमराव म्हणाले. गावातली बाया-माणसं काही सांगतात तेव्हा ते म्हणतात, तसंच हो.

दुपारी ऊन छान पडलं होतं. उत्तमरावांनी खोलीत डोकावून पाहिलं. बल्ब बंद होता, तरी पिल्लं त्या विझलेल्या बल्बाखालीच अंगाला अंग लावून बसली होती. दाणा बाजूला पडलेला. ही अशीच राहिली तर बाहेरच्या जगात टिकायची कशी? आणि ती टिकली नाहीत तर गोपाल टिकतो कशाला इथं? त्यांनी आयुष्यभर नाठाळ झाडांना जे औषध दिलं होतं, तेच त्यांना सुचलं.

"यायले ताण पाहिजे," ते म्हणाले आणि संत्र्याचे क्रेट काढू लागले.

"सून सांगून गेली ना तुमाले?" वच्छलाबाई दारातून म्हणाल्या.

"ते काल आली. मी झाडं पाहून राहिलो चाळीस वर्षं."

बागेत, झाडांच्या दोन ओळींमध्ये, त्यांनी जाळीचं कुंपण केलं आणि पिल्लं सोडली. आणि काय सांगावं, पिल्लं क्षणभर बावरली आणि मग पसरली की सगळीकडे. माती उकरू लागली, एकमेकांच्या चोचीतला किडा पळवू लागली. उत्तमराव धुऱ्याच्या बांधावर बसून लहान पोरासारखे खूश झाले. सून येईल, बघेल आणि गपचूप राजापेठेला नाही म्हणून टाकेल, असं त्यांच्या मनानं पार ठरवूनसुद्धा टाकलं.

तेवढ्यात शेजारचे नत्थुजी हाक मारत आले. त्यांच्या झाडांची पानं जरा जास्तच सुकली होती, पाणी सोडू की थांबू, एकदा पाहून घ्या. पान पाहायला कुणी बोलावलं आणि उत्तमराव गेले नाहीत, असं कधी झालंच नव्हतं. ते गेले. तिथं चहा झाला, आणखी दोघं जमले, बोलणं लांबलं.

सातपुड्याकडून आभाळ कधी भरून आलं ते कुणालाच कळलं नाही. एकदम वारा सुटला, हाड गोठवणारा, आणि त्याच्या मागोमाग बारीक पाऊस. उत्तमरावांच्या हातातला कप तसाच राहिला. ते उठले आणि पळत सुटले. या वयात त्यांना पळताना गावानं पाहिलं नव्हतं. काळ्या मातीत चप्पल रुतली, ती त्यांनी तिथंच सोडली. बागेजवळ आले तरी पिल्लांचा आवाज येईना, आणि त्या शांततेनंच त्यांचा धीर सुटला.

जाळीच्या एका कोपऱ्यात ढीग झाला होता. ऊब शोधत एकावर एक चढलेली सगळी पिल्लं, ओली, गप्प. उत्तमरावांनी गुडघे टेकले आणि ढीग दोन्ही हातांनी उपसायला घेतला. वरची थरथरत होती. खालची चेंगरून चपटी झाली होती. एक हाताला गार लागलं, दुसरं लागलं, तिसऱ्यानं मान टाकली ती उचललीच नाही. काही त्यांनी क्रेटमध्ये टाकली, काही अंगातल्या बंडीच्या आत छातीशी धरली आणि घराकडे धावले.

खताच्या खोलीत येऊन त्यांनी बटण दाबलं. बल्ब लागला नाही. पुन्हा दाबलं. वारा सुटला तशी गावाची लाइन गेली होती. हातात ओली पिल्लं घेऊन उत्तमराव त्या बटणासमोर उभे राहिले. आपण काय करून बसलो हे त्यांना आता पुरतं कळलं होतं, आणि पुढे काय करायचं हे अजिबात कळत नव्हतं.

"आना इकडे," मागून वच्छलाबाईंचा आवाज आला.

"कुठं?"

"चुलीजवळ. उभे काहून राहिले?"

त्यांनी स्वतःच क्रेट ओढत स्वयंपाकघरात नेले. पाणी तापवलं, बाटल्यांत भरलं, बाटल्या जुन्या लुगड्यात गुंडाळून पिल्लांमध्ये ठेवल्या. दोघं एकेक पिल्लू पुसत बसले. हळूहळू एकानं चिवचिव केलं, मग दुसऱ्यानं. बरीचशी सावरली. जी सावरली नाहीत ती वच्छलाबाईंनी फडक्यात बांधून बाजूला ठेवली आणि नवऱ्याकडे न बघता म्हणाल्या, "मुंगसानं नेले म्हणा. पोरीले काय कळते?"

खरं सांगायचं तर उत्तमरावांना ते पटलं होतं. मुंगसावर कुणी रागावत नाही, आणि मुंगसापायी कुणी गाव सोडत नाही.

दिवेलागणीला दोघं अमरावतीहून परतले. गोपाल चप्पल काढत होता तोवर वर्षाली सरळ खताच्या खोलीत गेली, तिथून बागेत गेली, आणि चिखलात उभी असलेली जाळी पाहून स्वयंपाकघरात आली. क्रेट पाहिले. फडकं पाहिलं. मग सासऱ्याकडे पाहिलं.

मुंगूस उत्तमरावांच्या ओठांपर्यंत आलं होतं. पण सून वाट पाहत उभी होती, आणि तिच्या तोंडाकडे बघून त्यांच्यानं खोटं बोलवेना.

"म्या नेले बाहेर," ते म्हणाले. "झाडाले देतो तसा ताण द्याले गेलो. चुकलं माह्यं."

वर्षाली क्रेटजवळ खाली बसली. बराच वेळ ती पिल्लांची पाठ बोटानं चाचपत राहिली.

"मेले त्याचं वाईट वाटते," ती म्हणाली. "पण मी तुमाले सांगून गेली होती, मामाजी. तुमी हो म्हटलं होतं."

मग ती खाली बघतच म्हणाली, "जीवनदादाले मी दुपारीच नाही म्हणून आली. म्हटलं, घरी माह्या भरवशाचं माणूस हाये."

हेच एक वाक्य कानावर पडावं म्हणून उत्तमरावांनी कित्येक दिवस जीव टांगणीला लावला होता. गोपाल राहणार होता. सून राहणार होती. आणि त्यांना मान वर करता येईना. डोळे भरून आले ते त्यांनी पुसले नाहीत, लपवलेही नाहीत.

"मी आता काय करू, बाई?" त्यांनी विचारलं.

वर्षालीनं क्रेटवर हात आडवा धरला.

"दार लावून घ्या," ती म्हणाली. "वारा येऊन राहिला."

उत्तमराव उठले, दार लावलं, आणि फटीतून वारा येऊ नये म्हणून त्याला पाठ लावून खाली बसले.