खडक आणि काच यांच्यामध्ये

खडक पोचवायला आलेल्या दुकानदाराने दोनदा बजावलं होतं, "आधी खडक, मग वाळू. खडक थेट तळाच्या काचेवर टेकले की हलत नाहीत." पण हा माणूस दातांच्या कवळ्या बनवणारा, आपल्या हाताला सगळं जमतं अशी त्याची खात्री. त्याने माशांसाठी आणलेल्या काचेच्या टाकीत आधी वाळू पसरली आणि तिच्यावर खडक रचले.

ते साधे दगड नव्हते. समुद्रातून आलेले, भोकाभोकांचे, पोटात बारीकसारीक जीव असलेले जिवंत खडक. त्यांच्यावरचं मेलेलं सगळं कुजून निघून जावं म्हणून ते त्याआधी तीन आठवडे बाथरूममध्ये खाऱ्या पाण्याच्या पिंपात पडून होते. घरभर वास सुटला होता. "जावईबापू, पिंपात कोण मेलंय ते एकदा सांगून टाका," सासूबाई म्हणायच्या.

खुब्याच्या ऑपरेशनपासून दोन महिने त्या आतल्या खोलीत होत्या. सारख्या एकट्या उठायच्या, म्हणून खडक रचले त्या दिवशी सकाळी त्याने त्यांचा वॉकर बाहेरच्या खोलीत आणून ठेवला. "तुमची मुलगी ड्यूटीवरून आली की चालवेल तुम्हाला." त्या भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या.

अकराच्या सुमारास स्टुलावर उभा राहून, खांद्यापर्यंत हात पाण्यात घालून, तो मागे पडलेला एक तुकडा काढत होता. खालची वाळू सरकली. मोठा खडक घसरला आणि त्याचा उजवा हात मागच्या काचेशी चेपला गेला.

त्याने ओढून पाहिलं, तशी काच करकरली. टाकीत तीनशे लिटर पाणी होतं. डाव्या हाताने खडक ढकलायला गेला तर स्टूल डगमगलं. मोबाईल सोफ्यावर. खडकाच्या भोकातून एक केसाळ किडा निघाला, त्याच्या मनगटावरून सावकाश चालत गेला, आणि त्याला तो झटकताही येईना. मग त्याने एकेक बोट हलवून पाहिलं. शेवटची दोन आहेत की नाहीत तेच कळेना. याच बोटांवर त्याचं पोट होतं.

"आई!"

चौथ्या हाकेला आतून आवाज आला, "काय?"

"खडकाखाली हात अडकलाय."

"मग मी काय करू? वॉकर तुमच्याकडे आहे."

त्याने वॉकरकडे पाहिलं. मग घाईने म्हणाला, "नका उठू. पडाल." आणि पाच मिनिटांनी, "आई... येता येईल का?"

पलंग वाजला. भिंतीवर तळहात घासत आल्याचा आवाज. दारात सासूबाई, तोंडात कवळी नाही, एक हात चौकटीवर. चौकटीवरून कपाट, कपाटावरून खुर्ची.

"माझ्याकडे बघू नका, पडेन."

सोफ्यावरचा मोबाईल घेऊन त्यांनी मुलीला फोन लावला, तिने उचलला नाही. मग त्यांनी पोछ्याचा दांडा घेतला.

"या फटीत घाला. काचेला टेकवू नका."

"मलाही ऐकू आलं होतं, आधी खडक म्हणून," त्या म्हणाल्या. "पण माझं कोण ऐकतंय!"

त्यांनी दांड्यावर सगळा भार टाकला. खडक बोटभर उचलला गेला. त्याने हात ओढून घेतला, कातडं सोलवटून निघालं. खडक धपकन वाळूवर बसला. काच टिकली.

पण त्यांचे पाय गेले आणि त्या जमिनीवर बसल्या. त्याने एका हाताने उचलायचा दोनदा प्रयत्न केला, जमलं नाही. शेजारचं घर सकाळपासून बंद होतं, मग तोही तिथेच सांडलेल्या पाण्यात बसला. मुलगी यायला अजून साडेतीन तास होते.

"दुखतंय?"

"दोन बोटं कळतच नाहीत."

"कळतील. मग नकोशी होतील."

थोड्या वेळाने त्याने विचारलं, "तुम्ही आत दिवसभर करता काय?"

"ऐकते. लिफ्ट कुठल्या मजल्यावर थांबली ते. अजून काय करणार?"

त्याने पायानेच वॉकर त्यांच्याकडे ओढला. उठण्यासाठी त्याचा काही उपयोग नव्हता, तरी त्यांनी एका हाताने तो धरून ठेवला.

तीन वाजून गेल्यावर दारात किल्ली फिरली. बायको पर्स खांद्यावर तशीच ठेवून बघत राहिली.

"आधी आईंना उचल," तो म्हणाला.

"आधी याचा हात बघ," सासूबाई म्हणाल्या.

दोन्ही बोटं मोडली होती. दीड महिना त्याला एकही कवळी करता आली नाही.